गाडीच्या डोक्यातले आकडे

मी वाळूजच्या एका कारखान्यात मोजमापाच्या खोलीत काम करते. कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. ते भाग ज्या साधनांनी मोजतात, ती साधनं स्वतः बरोबर मोजतात का, हे तपासणं माझं काम. कुणी गेज आणून म्हणालं, "मॅडम, एकदम ओके आहे, नुसता शिक्का द्या," तर मी आधी त्या माणसाकडं बघते आणि मग गेजकडं. एकोणीस वर्षं हेच केलंय. हा स्वभाव सुटी झाल्यावर गेटवर जमा करून येता येत नाही. भाजीवाल्याच्या काट्याकडंही मी तशीच बघते, आणि आमच्या ह्यांचं म्हणणं की माणसांकडंही.

त्या स्वभावापायी मी गाडीच्या इंजिनाचं सॉफ्टवेअर शिकले. आणि त्याच स्वभावापायी सख्ख्या भावाला त्याच्याच घरात बसून लबाड म्हणाले.

गाडी त्यानंच दिली होती. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. करमाडला असतो, रस्त्यावर शेतीच्या अवजारांचं दुकान आणि मागं मोसंबीची बाग. तीन वर्षांपूर्वी त्यानं नवी मोठी गाडी घेतली आणि जुनी, डिझेलची, धुऊनपुसून सिडकोत आमच्या इमारतीखाली आणून लावली. किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "कंपनीच्या बसला किती दिवस लटकतीस? राहू दे ही तुला."

त्याच्या चार महिने आधी मी रजिस्ट्री ऑफिसात जाऊन हक्कसोड केली होती. अण्णा गेल्यावर करमाडच्या जमिनीला आम्हा दोघांची नावं लागली होती. माझं मी काढून दिलं. कुणी जोर केला नव्हता. आमच्याकडं बहिणी सोडतात, मीही सोडलं. वहिनीनं त्या दिवशी पुरणपोळी केली, साडी दिली, आणि मी हसत जेवले. पण सही केल्याच्या दिवसापासून दाताच्या फटीत काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. म्हणून गाडी दारात आली तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, ते सांगते. 'एवढी चांगली गाडी हा मला का देतोय?'

पहिले दोन महिने गाडी बरी चालली. मग सिल्लोडला एका लग्नाला निघालो होतो तेव्हा चौक्याच्या घाटात ती दमली. पाय दाबला की मागं काळ्या धुराचा लोट, आणि पुढं मात्र काही नाही. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं सुद्धा हॉर्न वाजवून आम्हाला ओलांडलं. आमचे हे कॉलेजात वाणिज्य शिकवतात, त्यांना गाडीतलं इंधनाचा काटा सोडून काही कळत नाही. ते म्हणाले, "जुनी आहे, दमत असेल."

सर्व्हिसिंगला दाखवली. तिथल्या माणसानं मशीन लावलं आणि सांगितलं, "एकही फॉल्ट दिसत नाही, मॅडम. सगळं ओके." 'सगळं ओके' हे शब्द ऐकले की माझी खात्री होते की काहीतरी दडवलंय.

मग मी स्वतःच सुरुवात केली. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं. त्यात काडेपेटीएवढं एक यंत्र खोचायचं, ते मोबाइलला जोडायचं, की इंजिनाचे आकडे स्क्रीनवर पळायला लागतात. फेरे किती, डिझेल किती दाबानं जातंय, हवा किती येतेय. पहिल्यांदा ते आकडे हलताना पाहिले तेव्हा मी पार्किंगमध्ये अर्धा तास नुसती बसून राहिले. इतकी वर्षं आम्ही ह्याच गाड्यांचे तुकडे मोजत होतो. अख्खं इंजिन असं जिवंत मोजायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. पहिली पाळी साडेतीनला सुटते. रोज घरी पोचल्यावर मी वही घेऊन गाडीत बसायला लागले.

आठवड्याभरात एक गोष्ट सापडली. चढावर इंजिन जेवढी हवा मागत होतं, तेवढी त्याला मिळत नव्हती. मागणीचा आकडा वर, मिळकतीचा खाली. ह्याचे दोन अर्थ निघतात. एक, वाटेत कुठंतरी हवा कमी पडतेय. दोन, मागणीच कुणीतरी वाढवून ठेवलीय. पहिला अर्थ मी वहीत लिहिलासुद्धा नाही.

कारण दुसऱ्याबद्दल मी वाचलेलं होतं. गाडीच्या इंजिनाला एक डबा असतो, त्याचं डोकं म्हणा. त्यात तक्ते भरलेले असतात: इंजिन एवढ्या वेगात असेल आणि पाय एवढा दाबलेला असेल, तर एवढं डिझेल सोड. लॅपटॉप जोडून हे तक्ते बदलता येतात. त्याला रिमॅप म्हणतात. कारखान्यातली तरणी पोरं जास्त ताकदीसाठी करून घेतात, आणि अती केलं की इंजिन धूर ओकतं आणि लवकर संपतं. दादाला वेगाची हौस पहिल्यापासून आहे. जालना रोडवर त्याच्या पुढं कुणी गेलं की त्याला चैन पडत नाही. मी दोन आणि दोन जोडले. यानं गाडीचं डोकं फिरवून घेतलं, मजा केली, इंजिन खिळखिळं झाल्यावर बहिणीला 'भेट' दिली. वर सही आधीच घेतलेली.

हे सिद्ध करायचं तर तो डबा उघडून वाचता यायला हवा होता.

चौकशी करत मी रोशन गेटच्या पुढं एका गल्लीत पोचले. एक शटर, आत एक टेबल, भिंतीला टांगलेले गाड्यांचे चंदेरी डबे, आणि कथिल वितळल्याचा वास. टेबलामागं साठीकडं झुकलेले गृहस्थ, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. गल्लीत सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

"रिमॅप करता का?" मी विचारलं.

त्यांनी भिंग काढून माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं. "नै मॅडम. इधर खाली सेन्सर का काम होता."

"मला तर कळलं की तुम्ही करता."

"कौन बोल्या?"

नाव सांगावंसं वाटेना. "एकानं."

"गलत बोल्या." त्यांनी भिंग परत डोळ्याला लावलं.

दुसऱ्या दिवशी ओळखपत्र पर्समध्ये टाकून, लॅपटॉप घेऊन गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. "मॅडम, सच बोलो. आरटीओ से आये क्या?"

"नाही हो. वाळूजला असते. मोजायची साधनं तपासते."

त्यांनी खणातून एक जुनं व्हर्निअर काढलं आणि टेबलावर सरकवलं. "देखो, ये बराबर है क्या?"

मी ओढणीच्या टोकानं त्याचे जबडे पुसले, मिटवले आणि उजेडाकडं धरले. टोकाशी बारीकशी उजेडाची रेघ दिसली. "शून्य बरोबर आहे. पण टोकाला झिजलंय. बारीक तार मोजाल तर चुकेल. आतल्या बाजूला धरून मोजा."

त्यांनी ते माझ्या हातून घेतलं, स्वतः उजेडाकडं धरलं, आणि मग स्टूल पुढं केलं. "सीखना कायकू है?"

"माझी गाडी आहे. तिच्यात काय आहे ते मला कळलं पाहिजे."

धुराचं मी बोलले नाही. बिघाड आहे म्हटलं की दुरुस्ती गळ्यात पडणार, हे मला माहीत होतं. मी त्यांना बॉनेटसुद्धा उघडू दिलं नाही. फक्त शिकवा म्हणाले.

त्यांनी शिकवलं. मराठी, हिंदी आणि दख्खनी एकाच वाक्यात घालून, पण नीट शिकवलं. ऑनलाइन मागवलेली माझी केबल बघून म्हणाले, "नकली है, मगर चलती." पहिला धडा एवढाच होता: कशालाही हात लावायच्या आधी स्वतःच्या गाडीच्या डब्यातली आकड्यांची फाईल वाचून काढायची आणि जपून ठेवायची. "लॅपटॉप में रखो, पेन ड्राइव्ह में रखो. और एक कॉपी मेरे पास छोड दो."

"तुमच्याकडं कशाला?"

"कुछ हुआ तो."

"नको," मी म्हणाले. माझ्या गाडीची फाईल ह्यांना कशाला हवी? दुसऱ्या गाडीत घालतील, विकतील. त्यांनी खांदे उडवले. "नक्को दो. तुम्हारी मर्जी."

मी पेन ड्राइव्ह घरी नेऊन देवघराच्या खणात ठेवला.

फाईल उघडली की आधी नुसते आकडे दिसतात, हजारो, काही अर्थ नसलेले. मग त्यातला एक तुकडा ओळखायचा, त्याला ओळी आणि खण द्यायचे, की तक्ता तयार होतो. एक कळ दाबली की तोच तक्ता डोंगरासारखा उभा राहतो. आमच्या गच्चीवरून साताऱ्याचा डोंगर दिसतो, तसाच उतार, तसाच मधेच सपाट माथा. तो माथा म्हणजे इंजिनाला घातलेली मर्यादा. उस्ताद पेन्सिलीनं दाखवायचे, "इससे उप्पर गये तो धुवां." धुवां म्हटलं की मी त्यांच्या तोंडाकडं बघायचे. ह्यांना कळलंय का?

घरातही शंका सुरू झाल्या होत्या, पण त्या माझ्यावरच्या. एक दिवस चहाचा कप माझ्यापुढं ठेवत आमचे हे म्हणाले, "तू रोज पाच ते सात लॅपटॉपवर कुणाशी बोलतेस?"

"फोरमवर. गाड्यांच्या. एकजण आहे, तो ह्या मॉडेलची कंपनीची मूळ फाईल देणार आहे."

"एकजण म्हणजे कोण?"

"माहीत नाही. नावाच्या जागी चाकाचं चित्र आहे."

"तांदूळ तू चार दुकानं फिरून घेतेस," ते म्हणाले, "आणि हे चाकाकडून?"

मला राग आला. कारण त्या चाकानं तोवर फाईल पाठवली होती आणि ती मला हवी तशीच निघाली होती.

दोन्ही फाईली शेजारी-शेजारी ठेवल्या. जिथं फरक असेल तो खण सॉफ्टवेअर लाल करतं. गोवर उठावा तसे लाल खण उठले. डिझेलच्या तक्त्यात आमच्या गाडीचे आकडे मोठे, हवेच्या मागणीत मोठे, धुराच्या मर्यादेत मोठे. मी एकेक खण वहीत उतरवला. खरं सांगायचं तर मला दुःख झालं नाही. बरं वाटलं. कित्येक महिने दाताच्या फटीत अडकलेलं जिभेला सापडावं तसं.

पुढच्या रविवारी मी एकटीच करमाडला गेले. दादा बागेतून आला होता, पाय धुऊन पलंगावर बसला. वहिनी चहा ठेवत होती. मी लॅपटॉप उघडून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"दादा, ह्या गाडीत तू कुणाकडून काय करून घेतलंस?"

"काय करून घेणार? सर्व्हिसिंग."

"सर्व्हिसिंग नाही. कॉम्प्युटरमधले आकडे बदललेस."

तो हसला. "मला मोबाइलवर फोटो पाठवायचा तर हिला इचारावं लागतं. अन् मी गाडीच्या कॉम्प्युटरात आकडे बदलतो व्हय?"

"तू नसशील बदलले, करून घेतले असशील. हे लाल दिसतंय ना, हे सगळं बदललेलं आहे. ह्यानं गाडी धूर सोडते आणि इंजिन खलास होतं."

धूर म्हटल्याबरोबर त्याची नजर दारातून बाहेर, गाडीच्या मागच्या बाजूला गेली. क्षणभरच. पण माझं कामच असं आहे की एवढं मला पुरतं.

"बघ," मी म्हणाले, "तुला माहीत होतं."

"ताई, आधी चहा घ्या," वहिनी म्हणाली.

"खराब झाल्यावर मला दिलीस. आणि वर सगळ्या पाहुण्यांत सांगितलंस, बहिणीला गाडी दिली."

दादानं लॅपटॉपचं झाकण हळू मिटवलं. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. "सही केल्यापास्नं तू असंच बघायलीस माझ्याकडं," तो म्हणाला. "काय नसतं दिलं तर म्हणली असतीस, भावानं सगळं घेतलं. दिलं तर म्हणायलीस, मोडकं दिलं. मी करावं तरी काय?"

"मी सहीचं नाव काढलं का?"

"तोंडानं नाय काढलं."

चहा तसाच ठेवून मी निघाले. वाटभर मला वाटत होतं की मी जिंकले.

पुढच्या सुटीच्या दिवशी सकाळीच मी कामाला लागले. ठरवलं होतं की कंपनीची 'मूळ' फाईल गाडीत परत घालायची, आणि धूर गेला की त्याचा व्हिडिओ दादाला पाठवायचा. उस्तादांना सांगितलं नाही. ते म्हणाले असते, मी करतो. पार्किंगमध्ये बॅटरीला चार्जर लावला, केबल जोडली, कळ दाबली. आकडा चढत शंभरावर गेला. मी किल्ली फिरवली.

इंजिन नुसतं घरघरलं. पेटलं नाही. समोरचे सगळे दिवे एकदम लागले, काही तर मी तोवर कधी पाहिलेही नव्हते. दुसऱ्यांदा फिरवली. तिसऱ्यांदा. इमारतीचा वॉचमन येऊन म्हणाला, "मॅडम, धक्का मारू का?"

मी नको म्हणाले. धक्क्यानं उठणारी गोष्ट नव्हती ती. अर्धा तास मी गाडीत बसून फोन हातात धरला आणि ठेवला. मग उस्तादांना लावला.

ते स्कूटरवर आले, खांद्याला पिशवी. काय केलं, कायकू केलं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "अपनी फाईल है?"

मी वर पळत जाऊन देवघराचा खण उघडला. पेन ड्राइव्ह होता.

त्यांनी इंजिनाशेजारचा डबा काढला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. खाली जुना पेपर अंथरला, तारा जोडल्या. आमचे हे पंखा बंद करून बाजूला उभे राहिले. काम करता करता उस्तादांनी मी घातलेली फाईल उघडून बघितली आणि थांबले. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर एक लांबलचक नंबर होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, मग स्क्रीनवरच्या नंबरावर.

"आखरी दो देखो."

शेवटचे दोन आकडे वेगळे होते.

"ये असलीच है," ते म्हणाले, "मगर दुसरी गाडी की. कंपनी फाईल बदलती रहती. गाडी वैसीच दिखती, अंदर का अलग. इस्कू उस्में डाले तो कैसा चलेंगा?"

"मग माझ्या फाईलमध्ये जे बदललेलं दिसतंय ते?"

"बदल्या कौन?" त्यांनी अजून एक खिडकी उघडली. "डब्बे में गिनती रहती, कित्ते बार लिखा गया. ये देखो. एक बार. आज का." त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "तुम."

मी टेबलाशी बसले. मोजमापाच्या खोलीत पहिला नियम असा आहे की ज्या मापाशी ताडून बघायचं, त्या मापाचा दाखला आधी बघायचा. कारखान्यात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हे मी स्वतः शिकवते. आणि इथं एका चाकाच्या चित्रानं पाठवलेलं माप मी दाखला न बघता उचललं, कारण ते माझ्या मनाशी जुळत होतं. सर्व्हिसिंगवाल्यावर संशय घेतला, उस्तादांवर घेतला, दादावर घेतला. फक्त त्या फाईलवर घेतला नाही.

माझी फाईल परत गेली. डबा खाली बसवला, गाडी पहिल्या फेऱ्यात सुरू झाली. उस्ताद पिशवी आवरत म्हणाले, "अब बोलो. ये सब कायकू करे?"

मग मी धुराचं सांगितलं. चौक्याचा घाट, वहीतले आकडे, मागणी आणि मिळकत, सगळं.

त्यांनी पिशवी परत खाली ठेवली. "बॉनेट खोलो." मला आत बसवून पाय दाबायला लावला आणि स्वतः वाकून एका जाड रबरी पाइपवरून हात फिरवत गेले. क्लॅम्पच्या खालच्या बाजूला हात थांबला. बोट बाहेर काढलं तेव्हा ते तेलानं काळं होतं. मला उतरून बघायला लावलं. पाइपाला लांबीत चीर गेली होती. इंजिन शांत असलं की मिटलेली, पाय दाबला की ओठासारखी उघडणारी. हवा तिथून पळत होती. इंजिन डिझेल पूर्ण घेत होतं, हवा मिळत नव्हती, आणि राहिलेलं धुरात जात होतं. वहीत मी जो पहिला अर्थ लिहिला नव्हता, तो हा होता.

"पहलेच दिन बोलते तो पहलेच दिन पकडता," उस्ताद म्हणाले.

"वाटलं, तुम्ही उगाच काम काढाल."

ते रागावले नाहीत. हात पुसत म्हणाले, "हौ. मेरेकू भी लगा था, तुम आरटीओ की है. दो महिने लगा."

नवा पाइप बसला. त्याच आठवड्यात मी चौक्याच्या घाटात जाऊन आले. आरशात मागं नुसता रस्ता दिसत होता.

दादाकडं जायला मात्र मला पंधरा दिवस लागले. घरी नाही, दुकानावर गेले. तो एका गिऱ्हाइकाला फवारणी पंपाचा वॉशर शोधून देत होता. मला बघून त्यानं मान हलवली आणि शोधत राहिला. गिऱ्हाईक गेल्यावर मी उभ्याउभ्याच सांगितलं, "दादा, माझं चुकलं. आकड्यांना कुणीच हात लावला नव्हता. हवेचा पाइप फाटला होता."

त्यानं वॉशरांचा डबा जागेवर ठेवला. मला वाटलं, आता तो मला टाकून बोलेल, आणि बोलावं असंच वाटत होतं. पण तो वेगळंच बोलला.

"पाइपाचं मला माहीत होतं."

"काय?"

"द्यायच्या आधी एक मिस्तरी म्हणला होता, धूर मारायलीय, पाइप बघून घ्या. म्हणलं, तुझ्या कंपनीत लई माणसं हायेत, तू बघशील. सांगायचं राहिलं."

"राहिलं, का ठेवलं?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "आता हेबी मोजतीस व्हय?"

वहिनी मागच्या बागेतून मोसंबीची पिशवी भरून घेऊन आली, ती घेतली आणि मी घरी आले. ते खरंच राहिलं होतं की ठेवलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. एवढं कळलं की मी मोठ्या गोष्टीत पूर्ण चुकले आणि लहान गोष्टीत थोडी बरोबर होते. आणि त्या थोड्या बरोबर असण्यानं मोठी चूक झाकायचा मोह मला अजूनही होतो.

उस्तादांकडं जाणं मी थांबवलं नाही. उलट खरं शिकणं त्यानंतर सुरू झालं. पाळी सुटल्यावर नगर नाक्याला गाड्यांची इतकी गर्दी होते की दुसऱ्या गिअरमध्ये अडखळत जावं लागतं, आणि तिथं ही गाडी धक्के द्यायची. मी त्यांना म्हणाले, एवढंच नीट करायचंय, ताकद नको. ते म्हणाले, "एक टाइम पे एकच चीज." मी खालच्या फेऱ्यांतले मोजके खण घेतले, हलकेच उचलले, कडेचे आकडे उताराला लागून गुळगुळीत केले. फाईलचा नंबर डब्याशी ताडून, शेवटच्या दोन आकड्यांसकट, मोठ्यानं वाचून मगच गाडीत घातली. मग त्याच रस्त्यानं त्याच वेळेला चालवून आकडे उतरवले. पहिल्या वेळी जास्त झालं, कमी केलं. दुसऱ्यांदा एका जागी उतारात खळगा पडला, तो भरला. चार सुट्या गेल्या. पीयूसीच्या केंद्रावर धूर तपासून घेतला, आणि तिथल्या माणसाचं मशीन केव्हा तपासलंय तेही विचारलं. त्याला ते आवडलं नाही.

भाऊबीजेला दादा आला. जेवण झाल्यावर माझ्या हातातून किल्ली घेतली. "चल, चक्कर मारू." तो चालवत होता, मी शेजारी. गर्दीतून त्यानं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळू सोडली, परत सोडली, ब्रेक मारला, परत सोडली.

"काय केलंस हिला?"

"थोडे आकडे बदलले."

"आं?" त्यानं मान वळवली. "परत मी केलं म्हणून सांगू नको."

मी हसले, पण तो हसला नव्हता. ते तो खरंच म्हणत होता. सिग्नलला थांबल्यावर त्यानं स्टिअरिंगवर बोटं वाजवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "माझ्या नव्या गाडीचंबी बघ की जरा. शोरूमवाला म्हणतो, सगळं ओके. मला नाय वाटत."

"काय होतंय तिला?"

"हाय कायतरी."

"तसं नाही, दादा. आधीपासून सांग. सगळं सांग."

सिग्नल सुटला आणि तो सांगायला लागला. घरी पोचेपर्यंत सांगत होता, मी विचारत होते. एक-दोन ठिकाणी मला वाटलं की तो काहीतरी गाळतोय. मी ते बोलून दाखवलं. मग त्यानं तेही सांगितलं.